मागल्या जन्मीची ओळ

पिंपरी
१२ नोव्हेंबर १९७८

ती. केसरआत्यास,
भीमराजचा सविनय जयभीम.

कंपनीच्या दिवाळीच्या सुट्टीत येतो म्हणालो होतो आणि आलो नाही, तेव्हा आधी चार शिव्या देऊन घे आणि मग पुढचं वाच.

झालं असं की सप्टेंबरात आमच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर एक गोरा माणूस आला. हातात गिटारची तुटलेली खुंटी. पुण्यात सगळी दुकानं पालथी घातली, कुठे मिळाली नाही म्हणे. आपल्या चाकणचा गेनू माझ्याच खात्यात आहे, त्याने ती खुंटी माझ्याकडे आणली. जेवणाच्या सुट्टीत मी लेथवर पितळेची नवी करून दिली. तेव्हापासून ओळख. माणूस इंग्लंडचा, चाळिशीचा, सांगवीत नदीकडेला खोली घेऊन दोन वर्षं राहतोय. मोडकी हिंदी बोलतो. दाढी छातीपर्यंत, म्हणून आम्ही त्याला दाढीवालाच म्हणतो. त्यालाही ते आवडतं.

तिकडे त्याची गाण्याची पार्टी होती. रॉक म्हणतात त्या गाण्याला. आवाज म्हणशील तर आमच्या प्रेस शॉपच्या तोडीचा. पण शब्द ऐकून मला आधी हसूच आलं. एवढ्या गोंगाटात मधेच ‘माया’ येते, मधेच ‘कर्म’ येतं, मधेच जन्ममरणाचा फेरा. तो सांगतो, गेली दहाबारा वर्षं त्यांच्याकडे अशी गाणी पुष्कळ झाली. तिथल्या पोरांना लढायांचा आणि चर्चचा वीट आला, त्यांनी इकडची पुस्तकं वाचली आणि त्यातले शब्द उचलून गाण्यात घातले. आपल्याकडे जे ऐकताना माणसं पेंगतात ते तिकडे पोरं नाचत म्हणतात.

त्याचं एक नवं गाणं आहे, फेऱ्यावरचं. मुंबईची एक कंपनी फेब्रुवारीत त्याची रेकॉर्ड काढणार आहे. त्याला मधे मराठी ओळी हव्यात, इथल्या मातीतल्या. मी पाच वर्षांचा असताना आजी दळायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचो, तेव्हाची ओवी मला अर्धीमुर्धी आठवत होती ती म्हणून दाखवली:

जात्या देवा, तुझा फेरा, फिरतो रे गरागरा
मागल्या जन्मीचं पाप, दळते मी भराभरा

अर्थ सांगितला तर दाढीवाला उठून उभाच राहिला. अकरा वेळा म्हणून घेतली माझ्याकडून. म्हणतो, ही तूच गायची, रेकॉर्डच्या पाकिटावर तुझं नाव छापू. आत्या, मी लेथवर दिवसाला एकच नग एकशेचाळीस वेळा करतो. त्यावर कुणी माझं नाव घालत नाही.

तर आजीला विचारून ती ओवी पुरती लिहून पाठव. आणि रागावणार नसशील तर आणखी एक सांगतो. आपण बौद्ध म्हटल्यावर आजी कुणी मोठी साधिका असणार, असं दाढीवाल्याने परस्पर ठरवलंय. मी नाही म्हणालो नाही.

तुझा,
भीमराज


वाडी, चाकणमार्गे
२० नोव्हेंबर १९७८

चि. भीमराजास,
आत्याचा जयभीम व आशीर्वाद.

शिव्या दिल्या. चारावर थांबले नाही.

आजीला तू साधिका केल्याचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “साधिकेची मिसरी सरलीया म्हनावं, यिताना घिऊन ये.” तेवढी आण.

आता ओवीचं. तू लिहिलेली दुसरी ओळ आजीने गेल्या बावीस वर्षांत उच्चारलेली नाही. तू लहान होतास, तुला कळण्यासारखं नव्हतं. छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा तुझ्या बापाने फळीवरचे सगळे देव एका फडक्यात बांधले आणि भामा नदीत सोडून आला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मायलेकी जात्यावर बसलो. खुंट्याला तिचा एक हात, माझा एक. त्या ओळीपाशी आली आणि तिचं तोंड थांबलं. जातंही थांबलं. मला म्हणाली, “केसर, देव नदीत सोडलं आन पाप तोंडात ठिवलं व्हय?”

मग आठवडाभर ती त्या ओळीपाशी आली की नुसती गुणगुणायची. मी म्हटलं, गाळून टाक ना. तर म्हणे, दान्याची वैरण घातल्याबिगर जातं वढायचं न्हाई. आठव्या दिवशी तिने पुरी ओवी म्हटली:

जात्या दगडा, तुझा फेरा, फिरतो रे गरागरा
खुंटा माझ्याच हातात, थांबवीन तुला जरा

आपल्या आळीतल्या बाया अशाच एकेक करून आपापल्या ओव्या बदलत गेल्या. त्यांना कुणी फर्मान काढलं नव्हतं. तर ही ओवी, आणि गायची असेल तर हीच गा. दोन पोळ्या जास्त खात जा, मागच्या खेपेला गालफडं बसलेली दिसली.

आत्या


पिंपरी
५ डिसेंबर १९७८

ती. आत्यास जयभीम.

पत्र पोचलं. ओवी दाढीवाल्याला दिली, फार खूश झाला. सध्या रोज संध्याकाळी त्याच्या खोलीवर तालीम असते. पहिली शिफ्ट सुटली की मी आणि गेनू थेरगावच्या बाजूने सायकली मारत जातो. गेनूला ढोल वाजवायला बसवलाय. त्याच्या सात पिढ्या कांदा लावत आल्या, पण हात असा बसतो की बघत राहावं. शेजारच्या छबूबाई रोज भिंतीवर लाटणं मारतात, दाढीवाल्याला वाटतं त्या ताल धरतायत.

दाढीवाल्याला आजीला भेटायला यायचंय. तो आला तर सगळाच घोटाळा, म्हणून मी सांगून टाकलंय की तिने फेब्रुवारीपर्यंत मौन धरलंय. एवढं सांभाळून घे. मिसरी गेनूच्या हाती पाठवतो.

भीमराज


वाडी
१३ डिसेंबर १९७८

चि. भीमराज,

आजीच्या मौनाची बातमी मी तिला दिली नाही, कारण ती ऐकून ती जे बोलली असती ते पत्रात लिहिता येण्याजोगं नसतं.

मी एकोणीस वर्षं मास्तरकी करतेय. जो पोरगा पाटी पालथी धरून उभा राहतो, त्याच्या पाटीवर काय असतं ते मला न बघता कळतं. तू सायकली, ढोल, छबूबाईंचं लाटणं सगळं लिहिलंस. ‘ओवी दिली, खूश झाला’ एवढंच लिहिलंस, कुठली दिली ते लिहिलं नाहीस.

तुला वाटत असेल, आत्या एका ओळीवरून काय धरून बसली. बुद्ध म्हणाले, दुःखाला कारण आहे आणि कारण दूर करता येतं. कारण मागल्या जन्मात नेऊन ठेवलं तर माणसाचा हात तिथे पोचणार कसा? आणि पोचू नये म्हणूनच ते तिथे ठेवलं होतं. आजी शाळेत गेली नाही, पण तिला हे जात्यावर बसून कळलं. तू मॅट्रिक झालास, आयटीआय केलंस.

उलट टपाली कळव.

आत्या


पिंपरी
२९ डिसेंबर १९७८

ती. आत्या,

पाटी उलटी करतो. दाढीवाल्याला मी जुनीच ओवी दिली. नवी दाखवलीच नाही.

नवी दाखवणार होतो, शपथ. पण त्याच दिवशी मुंबईच्या कंपनीचा व्यवस्थापक तालीम ऐकायला सांगवीला आला होता. मराठी माणूस. तो म्हणाला, या गाण्यात सगळी जान त्या मागल्या जन्माच्या ओळीत आहे, परदेशात हेच खपतं. ती नसेल तर मराठी ओळींची गरजच नाही, इंग्रजी गाणं आहे तसं घेऊ. म्हणजे मीही नको. मी नवी ओळ खिशातच ठेवली.

तू म्हणशील, नावासाठी आजी विकलीस. मी रोज रात्री स्वतःला हेच म्हणतो आणि सकाळी पुन्हा वाटतं, एक गाणं तर आहे. तिकडे ऐकणाऱ्यांना वाडी कुठे, आपल्याला बंद असलेली विहीर कुठे, काय ठाऊक? त्यांनी कुणाला पाण्यावाचून ठेवलं नाही. आणि दाढीवाला ती ओळ ऐकताना डोळे मिटतो. त्याला तिच्यातून काहीतरी मिळतं. काय ते मला सांगत नाही.

मी सत्तावीस वर्षांचा झालो. तेहतीस वर्षं अजून लेथवर काढायची आहेत. एकदा, एकदाच, माझा आवाज कुठेतरी जाऊ दे. यात मी चुकतोय हे मला कळतं, आणि तरी मला ते हवंय.

भीमराज


वाडी
९ जानेवारी १९७९

चि. भीमराज,

परवा रविवारी तुझा दाढीवाला इथे येऊन गेला. तुला ठाऊक नसावं. गेनू सुट्टीला घरी येत होता, त्याच्याबरोबर एस.टी.त बसला आणि सरळ दारात उभा राहिला.

तू आजीला मौनात बसवलं होतंस. ती त्या वेळी उंबऱ्यात उभी राहून शेजारच्या धोंडीबाच्या शेळीला उभी-आडवी घेत होती, कारण शेळीने आमची कोथिंबीर साफ केली होती. दाढीवाला हात जोडून ते सगळं ऐकत राहिला. मला हसू आवरेना. मग पिठलं-भाकरी झाली. मिरचीचा ठेचा त्याने चमच्याने खाल्ला, त्याचं प्रायश्चित्त आपोआप मिळालं.

जेवणानंतर तो आजीला म्हणाला, ती ओवी तुमच्या तोंडून ऐकायचीय. आजीने म्हटली, अर्थात आपली, बदललेली. त्याने तुझ्याकडून जुनी इतक्यांदा ऐकलेली की फरक त्याच्या लगेच ध्यानात आला. मला हिंदीत विचारलं, मागला जन्म कुठे गेला?

मी त्याला सगळं सांगितलं. आई विहिरीपासून दहा हात लांब घागर घेऊन उभी राहायची. कडेवर पोर. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार, नाही आली तर ऊन कलेपर्यंत उभं राहायचं. आणि वर ऐकायचं, मागल्या जन्मी काहीतरी केलं असशील. तुझ्या नावाचा मी एका शब्दानेही उद्धार केला नाही, पण त्याला काय समजायचं ते समजलं असावं.

मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने खिशातून एक फोटो काढला. सहा वर्षांची मुलगी, फ्रॉक घातलेली, पुढचे दोन दात पडलेले. त्याची लेक. तीन वर्षांपूर्वी तिकडच्या एका तळ्यात बुडाली. हा काठावर होता, पाठमोरा. त्यानंतर बायको सोडून गेली, हा इकडे आला. म्हणाला, मागला जन्म असेल तर पुढला पण असेल. पुढला असेल तर ती कुठेतरी आहे. ती ओळ माझ्याकडून काढून घेतलीत तर मला काय राहिलं?

भीमराज, मी सभांतून बोललेली बाई. पण त्याचा प्रश्न मी आजीकडे सरकवला. तिला सगळं मराठीत सांगितलं.

आजीने फोटो लांब धरून पुष्कळ वेळ बघितला. मग म्हणाली, “त्याला इचार, हिनं काय पाप केलं व्हतं?”

मी म्हटलं, आई, असं कसं विचारू?

“इचार म्हनते.”

मी विचारलं. तो म्हणाला, एवढीशी पोर, ती काय पाप करणार?

“मंग ती ओळ खोटी हाय,” आजी म्हणाली. “खरी धरली तर ह्ये लेकरू आपल्या पापानं बुडालं, असं म्हनावं लागंल. मी न्हाई म्हननार. माजं तान्हं तापात गेलं तवा लोकं हेच म्हनली. तवा बी मी न्हाई म्हनले, पर ववी तीच म्हनत राहिले. लई वर्सं म्हनली. त्येचं मला वाईट वाटतंया.”

माझ्याआधी एक भाऊ होता, एवढंच मला माहीत होतं. आई त्याच्याबद्दल कधी बोलली नव्हती. मी शब्दाला शब्द लावून हिंदीत सांगितलं, काही गाळलं नाही. तो माणूस रडला. आवाज न करता, बराच वेळ. आजीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. चारच्या गाडीने गेला. गाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दोन दिवस मला चैन नाही. थंडीत कुडकुडणाऱ्याच्या अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं वाटतंय. काल आजीला तसं बोलले तर म्हणाली, “मी त्येची लेक घेतली न्हाई. तिच्यावरचा आळ काढला.”

मी तुझ्यावर आता रागावलेली नाही. तुला नाव हवंय यात गैर काही नाही, तेवढं मिळवायचा हक्क आपल्या घरात पहिल्यांदा तुलाच आलाय. दाढीवाला त्याच्या गाण्यात काय म्हणतो ते त्याचं त्याने बघावं. पण आजीच्या नावाने, तुझ्या तोंडून ती ओळ जायची की नाही, हे तुला ठरवायचंय. मी सांगणार नाही.

आत्या


पिंपरी
१९ फेब्रुवारी १९७९

ती. आत्यास जयभीम.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं मी काही ठरवलं नव्हतं. दाढीवाला वाडीला जाऊन आल्यावर बोलेनासाच झाला. तालीम चालू होती. मी जुनीच ओळ गात होतो, तो अडवत नव्हता. तो काही बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

परवा शनिवारी मुंबईत रेकॉर्डिंग झालं. काचेची खोली, कानाला यंत्र. काचेपलीकडे व्यवस्थापक बसलेला. खोटं कशाला सांगू, सकाळपर्यंत माझ्या मनात जुनीच ओळ होती. तुझं पत्र खिशात होतं, ते मी मुद्दाम बॅगेत टाकलं. माझी पाळी आली. सहज दाढीवाल्याकडे बघितलं, तर इंजेक्शनची सुई जवळ आली की माणूस डोळे मिटतो तसे त्याने मिटले होते. इतके दिवस मला वाटायचं, तो सुखाने मिटतो. मी तोंड उघडलं आणि आजीची ओळ गायलो, खुंट्याची.

व्यवस्थापकाने टेप थांबवली. म्हणाला, आधीची घ्या, खुंटाबिंटा कुणाला कळतोय. मी पुन्हा तीच गायलो. तिसऱ्यांदाही तीच. तेव्हा त्याने फोन उचलला, दुसरा गायक बोलावतो म्हणाला. आत्या, अजून एक शब्द तो बोलला असता तर मी कदाचित शरण गेलो असतो.

तेवढ्यात दाढीवाल्याने कानावरचं यंत्र काढलं आणि मोडक्या मराठीत म्हणाला, “पोरीने काय केला नव्हता.” व्यवस्थापकाला वाटलं याला चक्कर आली. दाढीवाल्याने गिटार खाली ठेवली, वायर गुंडाळली. रेकॉर्ड निघत नाही. ती संपलीच.

नंतर आम्ही एका इराण्याच्या हॉटेलात बसलो. तिथे त्याने मला मुलीचं नाव सांगितलं. ती काय खायची, कुणाला घाबरायची, खोटं बोलताना कशी नाक पुसायची. पाच महिन्यांत त्याने तिचा विषय माझ्यापुढे काढला नव्हता. दोन तास बोलत होता. मी त्याला सांगून टाकलं की आजी साधिका वगैरे काही नाही. तो म्हणाला, शेळीशी बोलताना मी तिला ऐकलंय. एप्रिलमध्ये तो घरी परत जाणार आहे. बायकोला पत्र टाकलंय म्हणाला.

मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. आज पहिल्या शिफ्टला लेथसमोर उभा राहिलो आणि पहिला नग हातात घेतला तो यंत्रावर चढवायचाच विसरलो. नाव छापून आलं असतं. तीन वेळा गायलो, आणि टेपसुद्धा त्यांनी पुसून टाकली. कुणी ऐकलं नाही.

आजीला काय सांगायचं ते तू ठरव. तिची ओवी मुंबईला नेली आणि हात हलवत परत आलो.

भीमराज


वाडी
२५ फेब्रुवारी १९७९

चि. भीमराज,

आजीला तुझं पत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. काचेच्या खोलीचं तिने मला दोनदा वाचायला लावलं. तू तीनदा गायलास तिथे ती थोडी हसली. शेवटी मी तिला सांगितलं, पोराला फार लागलंय, कुणी ऐकलं नाही म्हणतो.

ती म्हणाली, “मी दळताना कोन ऐकत व्हतं? पीठ तर पडलंच की.”

रविवारी ये.

तुझी आत्या